हाड जुळलं, दुखणं राहिलं: अपघातानंतर पुन्हा उभं राहताना

प्लास्टर निघतं. डॉक्टर एक्स-रेवर बोट ठेवून सांगतात, "छान जुळलंय." घरचे पेढे वाटतात. आणि तुम्ही रात्री दोन वाजता पाय उशीवर ठेवून जागेच असता. हा लेख त्या वेळी जागं असणाऱ्या माणसासाठी आहे.

माझा अपघात जुलै २०१६ मधला. शाळेतून स्कूटीवर घरी येताना सर्व्हिस रोडवर टेम्पोची मागून धडक बसली. उजव्या पायाची गुडघ्याखालची दोन्ही हाडं मोडली, आत रॉड बसवला. पाच महिन्यांत हाड जुळलं, दुखणं आजही आहे. तरी मी वर्गावर शिकवते, मंडईत जाते, आणि आता पुन्हा स्कूटीही चालवते. पहिली दोन वर्षं मात्र "दुखायचं थांबलं की सुरू करू" म्हणत घालवली. शाळा, स्वयंपाक, लग्नकार्यं, सगळं त्या एका दिवसावर टाकलं होतं. तो दिवस आला नाही. पुढे जे सुधारलं ते उलट्या वाटेनं: आधी थोडं थोडं जगणं वाढलं, मग दुखण्याचा जोर ओसरला. त्या दोन वर्षांत मला जे कुणी क्रमानं सांगितलं नाही, ते इथे लिहिते आहे.

पहिली पायरी: धोक्याच्या खुणा बघून घ्या

जुनाट दुखणं म्हणून स्वीकारण्याआधी, आत काही नवं बिघडलेलं नाही ना याची खात्री हवी. दुखण्यासोबत ताप येत असेल, जखमेतून पू किंवा पाणी येत असेल, पायातली ताकद कमी होत असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल किंवा मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पोटरी एकाएकी सुजून टणक झाली, दम लागला किंवा छातीत दुखलं, तर १०८ ला फोन करा. शिरेत झालेली रक्ताची गुठळी फुप्फुसापर्यंत गेलेली असू शकते. पाय सतत सुजलेला, रंग बदललेला, एकदा गार एकदा गरम, आणि चादरीचा स्पर्शही सहन होत नाही, असं असेल तर "होईल कमी" म्हणून थांबू नका. हाड मोडल्यानंतर काहींना असा वेगळा वेदनाविकार होतो आणि त्यावर जितके लवकर उपचार सुरू होतील तितकं बरं.

मिसरी, तंबाखू, सिगारेट यांतलं काही चालू असेल तर आत्ताच थांबवा. निकोटिनमुळे हाड जुळायला वेळ लागतो. आमच्याकडे मिसरीला कुणी व्यसन समजत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

दुसरी पायरी: जुळलेलं हाड का दुखतं, हे समजून घ्या

हे समजलं नाही तर पुढचं काहीच करवत नाही, कारण प्रत्येक कळ "काहीतरी मोडतंय" असं सांगत राहते.

एखाद्या घरात एकदा चोरी झाली की पुढे कित्येक महिने मांजरानं भांडं पाडलं तरी घरातले दचकून उठतात. चोर नसतो, जाग मात्र खरी असते. मज्जासंस्थेचंही असंच होतं. मोठ्या इजेनंतर मज्जारज्जू आणि मेंदू यांतल्या वेदनेच्या वाटा तल्लख होतात आणि साध्या ताणाला, स्पर्शाला, गारव्यालाही धोक्याची घंटा वाजवू लागतात. याचा अर्थ दुखणं मनाचे खेळ आहेत, असा मुळीच नाही. ज्यांचा पाय काढावा लागतो त्यांतल्या अनेकांना नसलेल्या पावलात ठणका लागतो. वेदना मेंदूत घडते, आणि ती घडते तेव्हा पूर्ण खरी असते.

वैद्यकशास्त्रात तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा येणाऱ्या वेदनेला जुनाट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली; तिच्यात अशा वेदनेला स्वतंत्र जागा आहे. "रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग दुखतं कसं?" असं कुणी विचारलं तर एवढं सांगा आणि विषय संपवा. रिपोर्टमध्ये हाड दिसतं, नसेची चिडचिड दिसत नाही.

तिसरी पायरी: दुखण्याला त्याचा नेमका शब्द द्या

मी वर्षभर प्रत्येक डॉक्टरांना एकच वाक्य सांगत होते: "खूप दुखतं हो." त्यातून त्यांना काय कळणार? मराठीत दुखण्यासाठी शब्दांची वाण नाही. ठणका, ठसठस, कळ, चमक, सणक, आग, जळजळ, मुंग्या, बधिरपणा, ओढ, पेटके, उसण. हे शब्द एकमेकांच्या जागी वापरायचे नाहीत, कारण प्रत्येक शब्द वेगळ्या दिशेला बोट दाखवतो.

आग होणं, करंट बसल्यासारखी सणक, मुंग्या, टाचण्या टोचल्यासारखं वाटणं, गार पडून दुखणं, बधिरपणा, दुखऱ्या जागीच खाज: हे शब्द ऐकले की डॉक्टरांचं लक्ष नसेकडे जातं. नसेच्या वेदनेला नेहमीच्या दुखणेमारू गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही, तिची औषधं वेगळी असतात. सकाळी उठल्यावर आखडणं आणि हालचालीनंतर मोकळं होणं हे बहुतेकदा सांध्याकडे नेतं. जड वजनासारखी ओढ आणि संध्याकाळी वाढणारा ठणका थकलेल्या स्नायूंचा असू शकतो. मी ज्या दिवशी "पावलाच्या वरच्या बाजूला आग होते आणि करंगळीपर्यंत करंट जातो" असं सांगितलं, त्या दिवशी उपचारांची दिशा बदलली.

म्हणून दोन आठवडे वही ठेवा. रोज तीन ओळी पुरेत: काय केलं आणि किती वेळ, कुठे कसं दुखलं (नेमका शब्द), दुसऱ्या दिवशी सकाळी कसं होतं. तिसरी ओळ सर्वांत महत्त्वाची, कारण जास्त केल्याची शिक्षा बहुतेकदा दुसऱ्या दिवशी मिळते. दोन आठवड्यांनंतर वही बंद करा. दिवसरात्र दुखणं मोजत बसलं की लक्ष तिथेच राहतं, आणि लक्ष राहिलं की दुखणंही चढतं.

वही कुणाला दाखवायची? हाडाच्या डॉक्टरांचं काम हाड जुळलं की बरंचसं संपतं. त्यापुढे दोन दारं आहेत आणि ती अनेकांना ठाऊक नसतात. एक, वेदना-चिकित्सा विभाग, म्हणजे पेन क्लिनिक. ते मुख्यतः भूलतज्ज्ञ चालवतात. दुसरं, पुनर्वसन-चिकित्सेचे, म्हणजे पीएमआरचे डॉक्टर. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था १९५५ पासून हेच काम करते. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात गेलात तर केसपेपर काढताना या दोन विभागांची चौकशी करा.

चौथी पायरी: घड्याळ लावून काम करा

एकच पायरी करायची झाली तर ही करा.

आपण सगळे दुखण्याच्या तालावर काम करतो. बरं वाटलं की राहिलेलं सगळं एका दिवसात उरकायचं, मग तीन दिवस पडून राहायचं. २०१७ साली गौरीजेवणाच्या दिवशी मला खरंच बरं वाटत होतं. सकाळपासून उभं राहून पुरणावरणाचा स्वयंपाक केला, सोळा भाज्या चिरल्या, सगळ्यांची पानं वाढली. पुढचे सहा दिवस पलंगावर काढले. असं वरचेवर झालं की शरीर दर महिन्याला थोडं आणखी कमकुवत होतं आणि मेंदू एकच धडा शिकतो: काम म्हणजे धोका.

यावरचा उपाय मला एका फिजिओथेरपिस्टनं शिकवला. एक काम निवडा. मी ओट्याशी उभं राहणं निवडलं. तीन वेगवेगळ्या दिवशी, दुखणं वाढायला लागेपर्यंत किती मिनिटं जातात ते मोजा. माझे आकडे होते १२, ८ आणि १६. सरासरी १२. तिच्यातून पाचवा भाग कमी करा. मी ९ मिनिटं धरली. आता रोज, दुखो वा न दुखो, तेवढंच. मोबाइलवर ९ मिनिटांचा गजर लावायचा आणि तो वाजला की पोळी तव्यावर असली तरी गॅस बारीक करून बसायचं. बरं वाटतंय म्हणून दहावं मिनिट नाही. कंटाळा आलाय म्हणून सातव्या मिनिटाला थांबणंही नाही. बसून विश्रांती झाली की पुन्हा ९ मिनिटं.

आठवडाभर हे विनातक्रार जमलं की एक मिनिट वाढवा, म्हणजे साधारण दहावा भाग. त्याहून जास्त नाही. ९ चे २५ व्हायला मला पाच महिने लागले, कारण मध्ये दोनदा दुखण्याची उसळी आली आणि मागे यावं लागलं. पण त्या २५ मिनिटांत चौघांच्या पोळ्या होतात.

सर्वांत अवघड असतं ते चांगल्या दिवशी थांबणं. वाईट दिवशी शरीरच थांबवतं. चांगल्या दिवशी गजराचं ऐकायला मन तयार होत नाही. पहिले दोन महिने हे काम घरातल्या कुणावर तरी सोपवा. माझ्याकडे ते धाकट्या लेकीनं केलं, आणि फार कडकपणे केलं.

हीच रीत चालण्याला, बसण्याला, जिना चढण्याला, फळ्यावर लिहिण्याला लावा, पण एका वेळी दोनच कामांना. चादर किंवा सलवारीचा स्पर्श सहन होत नसेल तर स्पर्शालाही लावा: आधी कापसाचा बोळा पाच मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा, काही दिवसांनी मऊ जुन्या साडीचा पदर, मग पंचा. बधिर भागावर गरम पाण्याच्या पिशवीनं शेक घेताना मात्र आधी दुसऱ्या हाताच्या मनगटावर पिशवी लावून बघा. भाजलेलं तुम्हाला कळणार नाही.

गोळ्यांबद्दल थोडं

पॅरासिटामॉल साधं औषध वाटतं, पण धडधाकट प्रौढ माणसालाही दिवसाला ४ ग्रॅमच्या वर, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्यांपुढे ते यकृताला धोक्याचं आहे. सर्दीच्या गोळ्यांतही ते असतं, तेही मोजा. डायक्लोफिनॅकसारख्या दुखणेमारू गोळ्या महिनोन् महिने मेडिकलमधून आणून घेणं पोटाला आणि मूत्रपिंडाला महाग पडतं. नसेच्या वेदनेसाठी अमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलोक्सेटिन लिहून दिलं आणि घरी कुणी शोधून "ही तर डिप्रेशनची गोळी" म्हणालं, तर घाबरू नका. ही औषधं वेदनेच्या वाटा शांत करण्यासाठीही वापरतात. गुण यायला काही आठवडे लागतात. पाचव्या दिवशी "फरक नाही" म्हणून सोडू नका. प्रीगॅबालिन किंवा गॅबापेंटिन ही नसेच्या वेदनेचीच औषधं; त्यांतलं काही चालू असेल तर एकदम बंद करायचं नाही, डॉक्टरांच्या सांगण्यानं हळूहळू कमी करायचं. सुरुवातीला गुंगी येते, तेवढे दिवस गाडी नको.

आणि ज्या पुडीवर काय आहे ते लिहिलेलंच नाही, ती कुणी कितीही प्रेमानं आणून दिली तरी घेऊ नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. आठवडाभर जादू वाटते, मग साखर, हाडं आणि पोट बिघडतं.

पाचवी पायरी: मनाला बसलेला धक्काही इजाच आहे

मागून ट्रकचा हॉर्न वाजला की माझे हात बर्फ व्हायचे. टेम्पोचा विशिष्ट निळा रंग दिसला की पायात सणक उठायची, अगदी खुर्चीवर बसलेली असतानाही. हे मी कुणाला सांगितलं नाही. वाटलं, मास्तरीण बाई हॉर्नला घाबरते म्हणतील.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा माणसं झोपेत छताखाली गाडली गेली. त्यानंतर कितीतरी लोक, घर धड उभं असलं तरी, छताखाली झोपायला धजत नव्हते. त्यांना भित्रं म्हणावंसं कुणाला वाटेल? अपघातानंतर रस्त्याची भीती वाटणं त्याच जातीचं.

प्रसंग आपोआप डोळ्यांपुढे उभा राहणं किंवा स्वप्नात येणं, त्या रस्त्याला-गाडीला-विषयाला टाळणं, मन कोरडं पडणं किंवा स्वतःलाच दोष देत राहणं, आणि सतत दचकणं, चिडणं, झोप न लागणं: पहिल्या काही आठवड्यांत हे अनेकांना होतं आणि ओसरतं. महिन्याहून जास्त टिकलं आणि रोजचं काम अडू लागलं तर तो उपचार लागणारा आजार आहे, पीटीएसडी. जुनं दुखणं आणि हा धक्का एकमेकांना खतपाणी घालतात. दचकलं की स्नायू आवळतात, आवळले की दुखतं, दुखलं की अपघात आठवतो. म्हणून एकाचा इलाज करून दुसरं तसंच ठेवलं तर गाडी अडते.

प्रसंग अंगावर येतो तेव्हा दोन्ही तळवे फरशीवर टेका, गार पाण्याचा तांब्या हातात धरा आणि मोठ्यानं म्हणा: आज कोणता वार, मी कुठे आहे, समोर कोणत्या पाच वस्तू दिसताहेत. एवढ्यानं आजार जात नाही, पण त्या मिनिटातून बाहेर येता येतं.

टाळलेल्या गोष्टीकडे परत जायचं ते जिन्यानं. माझा जिना असा होता: फाटकात उभं राहून रहदारी बघणं, अंगणात स्टँडवरच्या स्कूटीवर बसणं, ती नुसती सुरू करून बंद करणं, पहाटे सहाला गल्लीत मागे बसून एक फेरी, मग स्वतः चालवत गल्लीच्या टोकापर्यंत, शेवटी सर्व्हिस रोड. प्रत्येक पायरीवर भीतीला दहापैकी गुण द्यायचे आणि ती निम्म्यावर येईपर्यंत तिथेच थांबायचं. घाबरून मध्येच पळालं तर भीती बळावते. पीटीएसडी असेल तर हा जिना एकट्यानं चढू नका, समुपदेशकाच्या मदतीनं चढा. आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी हळूहळू बदलणं) आणि ईएमडीआर (प्रसंग आठवताना डोळ्यांची ठरावीक हालचाल करणं) या दोन उपचारांचा पीटीएसडीवर चांगला गुण दिसून आला आहे. विचारताना हीच नावं घ्या. "सगळं बोलून टाक, मोकळी होशील" म्हणून नातेवाइकांनी जबरदस्तीनं वदवून घेणं हा उपचार नव्हे.

फोनवरून सुरुवात करायची असेल तर केंद्र सरकारची टेली मानस सेवा आहे: १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. आणि "याच्यापेक्षा मेलेलं बरं" हा विचार वारंवार येत असेल, तर आजच हा नंबर लावा, घरातल्या एका माणसाला त्याच शब्दांत सांगा आणि गोळ्यांचा डबा त्याच्या ताब्यात द्या. मी हे केलं आहे. सांगताना जीभ जड झाली, सांगून झाल्यावर नवऱ्यानं काही न बोलता डबा उचलून वरच्या कपाटात ठेवला.

घर आणि घरातली माणसं

मांडी घालून बसणं, उकिडवं बसणं, भारतीय पद्धतीचा संडास, ओट्याशी तासन् तास उभं राहणं: आपल्या घरांची घडणच दुखऱ्या पायाला जड जाते. संडासावर ठेवायची कमोड-खुर्ची, न्हाणीघरात प्लास्टिकचं स्टूल आणि भिंतीला घट्ट बसवलेली दांडी, ओट्याशी उंच स्टूल, एवढं आधी करा. पूजेला खुर्चीवर बसलं तर देव रागवत नाही. शाळेत मी पस्तीस मिनिटांच्या तासात दहा मिनिटं उभी राहून शिकवते, बाकी बसून, आणि फळ्यावर मुलं आळीपाळीनं लिहितात.

घरच्यांना "मला समजून घ्या" असं सांगून काही होत नाही. नेमकं काम सांगा: "कुकर तू लाव, फोडणी मी देते." सगळी कामं काढून घेऊ देऊ नका, तेही तितकंच वाईट. "आता तर बरी दिसतेस की," म्हणणाऱ्यांसाठी एक वाक्य तयार ठेवा. माझं आहे: "हो, दिसते बरी, थोडं बसून बोलू या."

कागद

एफआयआरची प्रत, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे आणि प्रत्येक बिल एकाच फायलीत ठेवा. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातला नुकसानभरपाईचा दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करावा, अशी मुदत मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं घातली आहे, तेव्हा वकिलाला लवकर भेटा. पुढे लागणाऱ्या उपचारांचा खर्चही दाव्यात मागता येतो. त्यासाठी डॉक्टरांचं लेखी मत घ्या. हालचालीत कायमचं व्यंग राहिलं असेल तर यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, अर्ज करा. अनेक सवलतींना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं आणि टक्केवारी मुख्यतः हालचाल आणि ताकद तपासून ठरते, म्हणून फिजिओथेरपीच्या नोंदी जपा. मानसिक उपचारांनाही विमा संरक्षण द्यावं, असं २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो. विमा कंपनीला विचारताना या कायद्याचं नाव घ्या.

शेवटची पायरी: उसळी येण्याआधीच कागद लिहून ठेवा

सगळं नीट केलं तरी दुखणं उसळतं. पावसाळ्यात, परीक्षेच्या दिवसांत, आणि माझ्या बाबतीत दर जुलैत. त्या वेळी डोकं चालत नाही, म्हणून चांगल्या दिवशीच एक कागद लिहून फ्रिजवर लावायचा. माझ्या कागदावर असं आहे:

धोक्याच्या खुणा आहेत का, बघ. ताप? सूज? ताकद कमी? नसेल तर ही जुनीच उसळी आहे, नवं काही मोडलेलं नाही.
दोन दिवस सगळ्या वेळा निम्म्या कर. शून्य नको. ओट्याशी पाच मिनिटं तरी.
डॉक्टरांनी उसळीसाठी लिहून दिलेली गोळी, ठरलेल्या वेळीच. स्वतःहून जादा नाही.
झोप लागली नाही तरी सकाळी सहालाच ऊठ. दुपारी अर्ध्या तासाहून जास्त झोप नको.
शाळेत मुख्याध्यापिका बाईंना मेसेज: "आज बसून तास घेते."
रात्री धाकटीशी पत्ते.
तिसऱ्या दिवसापासून पुन्हा गजर लाव, पण जिथे होतीस तिथून नाही. नऊ मिनिटांपासून.